वाचनालयातील सहा संगणक मराठीत आणताना : प्रकल्प नोंदी

३ नोव्हेंबर २०२५

बडोद्याच्या दांडिया बाजार भागातील आमच्या मराठी वाचनालयात सहा संगणक आहेत. त्यांची प्रदर्शन भाषा, म्हणजे मेनू, बटणे आणि सूचना ज्या भाषेत दिसतात ती भाषा, मराठी करावी असा ठराव दिवाळीनंतरच्या बैठकीत झाला. निवृत्त माणसाजवळ वेळ असतो, अशी सर्वांची समजूत असल्यामुळे काम माझ्याकडे आले. ठरावात एकच वाक्य आहे आणि ते वाचून एखादी कळ दाबण्याएवढेच हे काम असावे असे वाटते; तसे ते नाही, याची कल्पना आज यंत्रांची यादी करतानाच आली.

पहिले चार संगणक जुने असून त्यांवर विंडोज १० आहे. या आवृत्तीचे नियमित समर्थन १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आणि विंडोज ११ साठी लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप व मान्य प्रोसेसर या यंत्रांत नाहीत. त्यामुळे त्यांच्यावर विंडोजऐवजी उबुंटू २४.०४ ही लिनक्सवर आधारलेली मोफत प्रणाली घालावयाचे ठरले. त्याला २०२९ पर्यंत नेहमीच्या सुरक्षा सुधारणा मिळत राहतील. पाचवा आणि सहावा हे देणगीतून आलेले नवे लॅपटॉप असून दोन्हींवर विंडोज ११ आहे, मात्र दोघांच्या आवृत्त्या वेगळ्या आहेत.

वापरणारेही एकाच प्रकारचे नाहीत. ग्रंथपालबाई मराठी, पुस्तकांच्या नोंदी टंकणाऱ्या बेन गुजराती, संध्याकाळी येणारी महाविद्यालयीन मुले दोन्ही भाषा बोलणारी आणि संगणकावर इंग्रजीला सरावलेली. म्हणून सुरुवातीलाच एक गोष्ट ठरवली, की भाषा यंत्राला न लावता प्रत्येकाच्या खात्याला लावावयाची.

६ नोव्हेंबर

पाचवा लॅपटॉप विंडोज ११ प्रो आहे. सेटिंग्जमधील वेळ आणि भाषा या विभागात जाऊन मराठी जोडली, भाषा संच उतरवून घेतला, तीच प्रदर्शन भाषा करण्याच्या चौकटीत खूण केली आणि खात्यातून बाहेर पडून पुन्हा आत आलो. स्टार्ट मेनू आणि सेटिंग्ज मराठीत आले. विंडोजमध्ये मराठी ही स्वतंत्र पूर्ण भाषा नसून इंग्रजीच्या पायावर बसणारा पूरक संच असल्यामुळे खोलवरच्या काही खिडक्या इंग्रजीतच उघडतात. हा बिघाड नाही, रचनाच तशी आहे, हे ग्रंथपालबाईंना आधीच सांगून ठेवले.

स्वागताचा पडदा मात्र इंग्रजीच राहिला. त्याचे कारण असे, की वर केलेला बदल फक्त चालू खात्यापुरता असतो. स्वागताचा पडदा आणि पुढे उघडली जाणारी नवी खाती यांना तो लागू करावयाचा असेल तर जुन्या नियंत्रण पटलातील प्रदेश या खिडकीच्या प्रशासकीय पानावर जाऊन सेटिंग्जची नक्कल त्या दोन्ही ठिकाणी पाठवावी लागते. पान सापडायला वेळ लागला, बदल एका मिनिटात झाला.

७ नोव्हेंबर

सहावा लॅपटॉप होम सिंगल लँग्वेज या आवृत्तीचा निघाला. या आवृत्तीच्या परवान्यात एकच प्रदर्शन भाषा वापरता येते. मराठी टंकनासाठी जोडता येते, पडद्याची भाषा म्हणून निवडता येत नाही. वरची आवृत्ती विकत घेणे हाच सरळ मार्ग आहे आणि त्यासाठी आमच्याकडे तरतूद नाही. हा लॅपटॉप हिशेबासाठी ठेवावा आणि त्याची भाषा इंग्रजीच राहू द्यावी. देणगी स्वीकारताना आवृत्तीचे नाव विचारावे, अशी सूचना इतिवृत्तात घालावयास दिली.

१२ नोव्हेंबर

पहिल्या संगणकावर उबुंटू बसवले. सिस्टीम विभागातील प्रदेश आणि भाषा या पानावरून स्थापित भाषांच्या व्यवस्थापनाची खिडकी उघडते. तिथे मराठीपुढे खूण केली की लागणारी पॅकेजे इंटरनेटवरून उतरतात. त्यानंतर त्याच खिडकीतील यादीत मराठीची ओळ ओढून इंग्रजीच्या वर न्यावी लागते. इंग्रजीच्या खाली असलेली कोणतीही भाषा प्रणाली विचारात घेत नाही, हे ठाऊक नसल्यामुळे माझा अर्धा तास गेला. सर्व खात्यांना व प्रवेशाच्या पडद्याला तीच निवड लागू करावयाचे बटण खाली वेगळे आहे. ते मुद्दामच दाबले नाही.

बाहेर पडून आत आल्यावर एक सुखद गोष्ट दिसली. मेनूतील ‘ल’ आणि ‘श’ ही अक्षरे मराठी वळणाची होती, पाकळीचा ल आणि देठाचा श. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या वर्णमालाविषयक निर्णयात हीच रूपे प्रमाण मानली आहेत, आणि ज्या फॉन्टमध्ये मराठीसाठी निराळी रूपे दिलेली असतात, त्यांत मजकुराची भाषा मराठी आहे असे प्रणालीने कळवले की ती आपोआप उमटतात. खात्याची भाषा हिंदी केली तर तोच फॉन्ट हिंदी वळणाची अक्षरे दाखवतो. ग्रंथपालबाईंना हे दाखवले, तेव्हा त्यांनी चष्मा पुसून दोनदा पाहिले.

१४ नोव्हेंबर

दोन दिवसांच्या वापरानंतर पहिली तक्रार आली, की अर्ध्या गोष्टी इंग्रजीतच दिसतात. यामागची यंत्रणा समजून घेतली तर तक्रारीचे स्वरूप बदलते. उबुंटूतील बहुतेक प्रोग्रॅममध्ये मूळ वाक्ये इंग्रजीत असतात आणि प्रत्येक भाषेसाठी त्यांच्या भाषांतराची एक फाइल असते. प्रोग्रॅम वाक्य दाखवण्यापूर्वी त्या फाइलीत शोधतो; सापडले तर भाषांतर दाखवतो, न सापडल्यास भाषांच्या यादीतील पुढच्या भाषेकडे वळतो आणि शेवटी मूळ इंग्रजीवर येतो. प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आली की नवी वाक्ये येतात, आणि ती भाषांतरित करणारे बहुतेक जण आपापला वेळ देणारे स्वयंसेवक असतात.

मग मला वाटले, की मराठीनंतर हिंदी ठेवली तर निदान इंग्रजी तरी कमी दिसेल. यादी मराठी, हिंदी, इंग्रजी अशी लावून पाहिली. परिणाम वाईट झाला. एकाच खिडकीत ‘रद्द करा’ आणि त्याच्या शेजारी ‘सहेजें’ असे दिसू लागले, आणि लिपी एकच असल्यामुळे वाचणाऱ्याला आपण भाषा ओलांडली हे कळतच नाही, फक्त काहीतरी चुकते आहे असे वाटत राहते. इंग्रजी शब्द निदान आपण परके आहोत हे लिपीनेच सांगतो. हिंदी काढून टाकली.

लिबरऑफिस या कार्यालयीन कामाच्या प्रोग्रॅमसंचाच्या मराठीसाठी वेगळे पॅकेज लागते आणि त्याच्या पडद्याची भाषा त्याच्याच पर्यायांतून स्वतंत्रपणेही बदलता येते, ही नोंद येथेच करून ठेवतो.

१९ नोव्हेंबर

आज जी चूक लक्षात आली ती सर्वस्वी माझी आहे. भाषा बदलल्यानंतर प्रथम आत येताना उबुंटू विचारते, की डेस्कटॉप, दस्तऐवज वगैरे नेहमीच्या फोल्डरांची नावेही नव्या भाषेत करावयाची का. दुसऱ्या संगणकावर मी होकार दिला होता. त्या प्रश्नातच असे स्पष्ट म्हटले आहे, की जुन्या फोल्डरांतील मजकूर हलवला जाणार नाही. म्हणजे जुने इंग्रजी नावाचे फोल्डर भरलेले तसेच राहते आणि शेजारी मराठी नावाचे रिकामे नवे फोल्डर तयार होते, ज्यात त्यानंतरचे सारे काम जाऊ लागते.

आमची रोज रात्री होणारी नक्कल मात्र इंग्रजी नावाच्या फोल्डराचीच होत होती. ती दररोज यशस्वी झाल्याची नोंद देत होती, कारण तिला दिलेले फोल्डर जागेवर होते. त्यात नवे काही येत नाही, हे तिला कळण्याचे कारण नव्हते. चार दिवसांच्या पुस्तकनोंदी बाह्य डिस्कवर गेल्याच नव्हत्या. मूळ फाइली सुरक्षित होत्या म्हणून निभावले.

त्या संगणकावर फोल्डरांची नावे पुन्हा इंग्रजी केली, नवा मजकूर जुन्या जागी नेला आणि उरलेल्या यंत्रांवर हा प्रश्न आला की जुनीच नावे ठेवावीत असे ठरवले. मेनूची भाषा ही दाखवण्याची बाब आहे, फोल्डराचे नाव मात्र पत्ता आहे. आणि पत्ता बदलला की टपालवाल्याला कळवावे लागते.

२५ नोव्हेंबर

शब्दांविषयी. ग्रंथपालबाईंनी आज वहीत टिपून आणलेले शब्द माझ्यापुढे ठेवले. फाइल ठेवण्याच्या एकाच क्रियेला एका प्रोग्रॅममध्ये ‘साठवा’, दुसऱ्यात ‘जतन करा’ आणि तिसऱ्यात ‘संग्रहित करा’ असे त्यांना आढळले होते. त्यांचा प्रश्न साधा होता : ही तीन कामे आहेत की एक? इंग्रजीत सर्वत्र एकच शब्द दिसत असल्यामुळे हा प्रश्न त्यांना पूर्वी कधी पडला नव्हता. वेगवेगळ्या प्रोग्रॅमची भाषांतरे वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या काळात केलेली असतात, त्यामुळे असे होते. वारंवार येणाऱ्या शब्दांची सर्वमान्य यादी असावी यासाठी फ्युएल नावाचा उपक्रम भारतीय भाषांत झाला आणि त्यात मराठीही आहे. तरी जुनी भाषांतरे जागच्या जागी राहतातच.

खरे म्हणजे हा प्रश्न या शहराला नवा नाही. सयाजीराव महाराजांच्या काळात बडोदे संस्थानाचा कारभार देशी भाषांतून चालवायचा म्हटल्यावर एकाच इंग्रजी संज्ञेला प्रत्येक खात्याने आपापला शब्द वापरण्याची अडचण आलीच असणार. १९३१ साली संस्थानाने शासनव्यवहारातील शब्दांचा इंग्रजी, गुजराती, मराठी यांसह आठ भाषांचा कोश छापला. तेव्हा निदान राजाज्ञा होती. आमच्याकडे ग्रंथपालबाईंची वही आहे.

त्या वहीवरून एका पानाचा तक्ता केला. त्यात प्रत्येक क्रियेचे चित्र, इंग्रजी नाव आणि पडद्यावर दिसणारी सर्व मराठी नावे एका ओळीत आहेत. तक्ता प्रत्येक यंत्राशेजारी चिकटवला. शुद्ध शब्द कोणता याचा निवाडा मी केला नाही, कारण वाचकाला पडद्यावर जे दिसते तेच त्याला सापडले पाहिजे.

२ डिसेंबर

सकाळी बेन कामावर आल्या आणि तिसऱ्या संगणकासमोर बसताच म्हणाल्या, “काका, आ तो बधुं मराठी थई गयुं!” संध्याकाळी येणाऱ्या एका मुलाने आदल्या दिवशी त्यांच्या खात्यातून बाहेर न पडताच भाषा बदलली होती. त्यांचे खाते गुजराती केले, त्याला सांकेतिक शब्द लावला आणि दोन मिनिटांत विषय संपला. पण त्यातून टंकनाचा विषय निघाला, आणि तो अधिक मोलाचा ठरला.

प्रदर्शन भाषा आणि टंकनाची भाषा या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. गुजराती मेनू असलेल्या खात्यातून मराठी लिहिता येते आणि मराठी मेनू असलेल्या खात्यातून गुजराती. बेन गुजराती इनस्क्रिप्ट या कळरचनेवर टंकन शिकलेल्या आहेत, आणि १९९१ च्या भारतीय मानकातील इनस्क्रिप्टची रचनाच अशी आहे, की भारतीय लिप्यांतील समान ध्वनीची अक्षरे समान कळीवर येतात. इंग्रजी के या कळीवर गुजरातीतही क आणि मराठीतही क. त्यांच्या खात्यात मराठी इनस्क्रिप्ट जोडून दिले, तेव्हा कळफलकाकडे न पाहता त्यांनी पहिल्याच प्रयत्नात पुस्तकाचे पूर्ण शीर्षक लिहिले. लिपी बदलली, बोटे तीच राहिली. मराठी अक्षरे उच्चारानुसार रोमन कळांतून लिहिणारी आमची तरुण मंडळी हे पाहत उभी होती.

अडला तो फक्त ‘ऱ’. गुजराती टंकनात त्यांना तो कधी लागला नव्हता, त्यामुळे ‘वाऱ्यावर’ हा शब्द त्या ‘वार्यावर’ असा लिहीत होत्या. शिफ्टबरोबर जे ही कळ दाबली की नुक्त्याचा ऱ येतो, त्यापुढे हलन्त आणि य दिले की मराठी वळणाचा अर्धा र उमटतो. बेननी ते कागदावर न लिहिता सात-आठ वेळा टंकून पाठ केले.

९ डिसेंबर

पुस्तके परत करण्याचा विलंब आकार मोजणारे छोटे पान आमच्या एका माजी वाचकाने पूर्वी तयार करून दिले आहे आणि ते ब्राउझरमध्ये चालते. चौथ्या संगणकावर आज एका सभासदाच्या नावापुढे आकाराच्या जागी रक्कम न दिसता आकडा नसल्याचे इंग्रजी अक्षरी चिन्ह दिसू लागले. बेनच्या यंत्रावर तेच पान बिनचूक चालत होते, म्हणून प्रथम चौथ्या यंत्राचाच संशय घेतला.

कारण शोधायला सायंकाळ गेली. ते पान आजची तारीख ब्राउझरच्या भाषेनुसार लिहून घेते आणि त्यातून दिवस, महिना, वर्ष वेगळे काढून वजाबाकी करते. भाषांच्या रीतिरिवाजांचा जो जागतिक माहितीसंच ब्राउझर वापरतात, त्यात मराठीचे मूलभूत अंक देवनागरी आहेत, तर हिंदी आणि गुजरातीचे मूलभूत अंक आंतरराष्ट्रीय आहेत. हिंदीच्या बाबतीत राज्यघटनेच्या ३४३ व्या कलमातही संघराज्याच्या कामकाजासाठी भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूपच सांगितले आहे. त्यामुळे गुजराती खात्यात तारीख जुन्याच अंकांत येत होती आणि मराठी खात्यात ती ९, १२, २०२५ अशी देवनागरीत. माणसाला दोन्ही सारखेच. ते पान ज्या संगणकीय भाषेत लिहिले आहे त्या जावास्क्रिप्टला मात्र देवनागरी अंकांची अक्षरे संख्या म्हणून वाचता येत नाहीत.

उपाय म्हणून तारीख साठवताना आणि मोजताना वर्ष-महिना-दिवस या ठरावीक रूपातच ठेवली आणि फक्त दाखवताना मराठी केली. त्या माजी वाचकाला फोन केला, त्यांनी तीन ओळी बदलून दिल्या. देवनागरी अंक बंद करून टाकावेत, हा सोपा मार्ग कार्यकारिणीतील एका सदस्यांनी सुचवला होता, तो मी मानला नाही. पडद्यावरचे मराठी अंक हीच या ठरावातील काही वाचकांना सर्वांत आवडलेली गोष्ट आहे.

१६ डिसेंबर

इंटरनेट बंद पडले. सेवा देणाऱ्या कंपनीचा माणूस फोनवरून इंग्रजी मेनूंची नावे घेत सूचना देत होता आणि ग्रंथपालबाईंच्या पडद्यावर ती नावे नव्हती. त्यांनी तक्त्यावरून दोन शोधली, तिसरे तक्त्यात नव्हते. प्रत्येक संगणकावर ‘मदत’ नावाचे एक इंग्रजी खाते उघडले असून फोनवर बोलताना ते वापरावे असे ठरवले.

याच प्रसंगी आणखी एक सोय नोंदवून ठेवतो. त्रुटीचा संदेश मराठीत असला तर त्यावर उपाय शोधणे कठीण जाते, कारण त्याविषयी बहुतेक लिखाण इंग्रजी संदेशावरून सापडते. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टंकून देण्याच्या खिडकीत, आज्ञेच्या आधी भाषेची किंमत सी अशी दिली, तर तेवढ्या एका आज्ञेपुरता संदेश मूळ इंग्रजीत मिळतो आणि खात्याची भाषा तशीच राहते.

२४ डिसेंबर

ग्रंथसूचीचा क्रम. नुसत्या संकेतक्रमाने, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला दिलेल्या क्रमांकाने, लावल्यास क्ष ने सुरू होणारी शीर्षके क मध्ये आणि ज्ञ ची ज मध्ये जातात. मराठी वर्णमालेत दोन्ही ह आणि ळ यांच्या पुढे आहेत. प्रदर्शन भाषेवर विसंबून राहू नये, लिबरऑफिसमध्ये क्रम लावण्याच्या पर्यायांत भाषा मराठी निवडावी. तसेच युनिकोड ही आजची सामाईक अक्षरसंकेत पद्धत येण्यापूर्वीच्या जुन्या फॉन्टमधील फाइली प्रदर्शन भाषा बदलल्याने वाचता येत नाहीत; त्यांचे रूपांतर हे वेगळे काम आहे आणि ते या प्रकल्पात घेतलेले नाही.

१३ जानेवारी २०२६

उद्या उत्तरायण, त्यामुळे दोन दिवस वाचनालय बंद राहील आणि आजही फारसे कोणी आले नाही. स्थिती अशी : उबुंटूच्या चारही यंत्रांवर मराठी, गुजराती आणि इंग्रजी अशी तीन प्रकारची खाती चालू, पाचवा लॅपटॉप मराठी, सहावा इंग्रजी. वाचकांसाठीचे सामाईक खाते मराठी आहे आणि गेल्या पंधरवड्यात ते कोणी बदललेले नाही. वर्तमानपत्रांसाठी येणारे एक वृद्ध वाचक पूर्वी ब्राउझर बंद करावयाला मला हाक मारीत, आता स्वतः बंद करतात; मात्र ते ‘बंद करा’ वाचून करतात की फुलीच्या चित्रावरून, हे मी विचारले नाही.

१६ जानेवारी

सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी ग्रंथपालबाई सावकाश बोलत माझ्याजवळ आल्या. ठराव मराठीचा आहे हे त्यांना ठाऊक होते, आणि शब्दांची ती वही त्यांचीच होती, म्हणून त्यांना संकोच वाटत होता. “काका, माझं खातं परत इंग्रजी कराल का? एकोणीस वर्षं मी ते मेनू न वाचता दाबत आले. आता प्रत्येक वेळी वाचावं लागतं, आणि रांग उभी राहते. अंक मात्र मराठीच राहू द्या.”

उबुंटूत खात्याची भाषा आणि तारखांचे, संख्यांचे स्वरूप हे दोन पर्याय वेगवेगळे आहेत. त्यांच्या खात्याची प्रदर्शन भाषा इंग्रजी केली आणि स्वरूप मराठीच ठेवले. विलंब आकाराच्या पानावरचे अंक पूर्वीसारखे मराठीच दिसावेत म्हणून ब्राउझरची भाषा मराठी राहू दिली. टंकन मराठी इनस्क्रिप्ट. फोल्डरांची नावे विचारली गेली, जुनीच ठेवली. बाहेर पडून आत येण्यासह चार मिनिटे लागली, आणि त्यांच्या मेजाशेजारचा तक्ता त्यांनी काढू दिला नाही.